साळूबाईंचा स्फटिक आणि अडसर खातं

एका जंगलात, मुलांनो, एक प्रयोगशाळा होती. हसू नका. जंगलात राजा असतो, दरबार असतो, प्रधान असतो, हे तुम्ही मुकाट्यानं ऐकून घेता. मग प्रयोगशाळेनंच तुमचं काय घोडं मारलंय?

ही प्रयोगशाळा गरम पाण्याच्या झऱ्याशेजारी एका अरुंद गुहेत होती. तिथं एक साळू काम करायची. साळू म्हणजे साळिंदर, अंगभर काटे असलेलं. तिचं नाव मंदाकिनी, पण सगळं जंगल तिला साळूबाई म्हणायचं. आपणही तसंच म्हणू.

साळूबाई फार हुशार होत्या. त्यांची अडचण एकच होती. राग आला की त्यांचे काटे ताठ उभे राहत आणि मागच्या फळीवरच्या काचेच्या नळ्या खळ्ळकन फुटत. त्यामुळे त्या रागावत नसत. शास्त्रज्ञ शांत स्वभावाचे असतात असं तुम्ही ऐकलं असेल. त्यामागची कारणं अशी असतात.

साळूबाई स्फटिक बनवत. मिठाचा खडा तुम्ही पाहिलाय. तोही स्फटिकच. पण साळूबाईंचा स्फटिक डीएनएचा होता.

डीएनए म्हणजे काय? तुमच्या अंगात, माझ्या अंगात, मुंगीच्यासुद्धा अंगात अतिशय बारीक, पीळदार धागे असतात. त्या धाग्यांवर मणी ओवल्यासारखे चार तऱ्हेचे कण असतात. प्रत्येक कणाचा जोडीदार ठरलेला. दुसऱ्या कुणाशी तो नीट जमवून घेत नाही. अशा धाग्यांचे साळूबाई इवले इवले त्रिकोण करायच्या आणि प्रत्येक त्रिकोणाच्या टोकांना धाग्याचं थोडंसं शेपूट मोकळं ठेवायच्या. हे शेपूट म्हणजे त्रिकोणाचा हात.

असे त्रिकोण काचेच्या नळीत खाऱ्या पाण्यात सोडायचे आणि नळी झऱ्यात बुडवून गरम करायची. नळी झऱ्यातून काढून भुशाच्या खोक्यात ठेवायची आणि पाणी हळूहळू निवू द्यायचं. मग ते हात एकमेकांना शोधत आणि धरत. डावीकडे, उजवीकडे, वर, खाली. कुणी शिट्टी वाजवायची नाही, कुणी हुकूम द्यायचा नाही. आपले आपण जुळत जाऊन त्यांचा स्फटिक होई, आणि त्याच्या आत रिकाम्या खोल्यांच्या ओळीच ओळी.

ह्या खोल्या कशासाठी, ते कावेरी भेकरीला विचारा. भेकर म्हणजे छोटं हरीण.

कावेरीची पोर आजारी होती. तिचं नाव ठिपकी. जंगलातल्या मोठ्या तळ्यावर त्या वर्षी निळसर शेवाळ धरलं होतं. ते पाणी प्यायलेल्या पाडसांचे पाय लाकडासारखे कडक होत. ठिपकी आईकडे बघायची, कान हलवायची, पण उठता येत नव्हतं. अशी पुष्कळ पाडसं कुरणात पडून होती.

जंगलात खवले वैद्य होते. वैद्य म्हणजे खवल्या मांजर. त्यांनी सगळी पाडसं तपासली आणि म्हणाले, "शेवाळ्यात विष आहे. पण त्या विषाचा आकार कळल्याशिवाय मी उतारा कसा काढू? पायाचं माप न घेता जोडा कसा शिवायचा?"

विषाचा कण इतका लहान, की भिंगातून दिसत नाही. साळूबाई म्हणाल्या, "मी माझ्या स्फटिकाच्या प्रत्येक खोलीत त्याचा एकेक कण बसवते. सगळे एकाच दिशेला तोंड करून बसले, की त्यावर क्ष-किरण सोडते. पडद्यावर ठिपके पडतील. ठिपक्यांवरून आकार काढता येतो."

बोलायला सोपं होतं. साळूबाईंचे स्फटिक बाहेरून छान दिसत, पण आतल्या ओळी वाकड्या येत. एक खोली सरळ, दुसरी तिरपी, तिसरीला भिंतच नाही. पडद्यावर ठिपक्यांऐवजी रांगोळीवरून कुणीतरी पाय घासत गेल्यासारखं दिसे.

कावेरी रोज गुहेच्या तोंडाशी यायची.

"बाई, झालं का हो?"

"अजून नाही गं."

"बरं," म्हणून ती तिथंच बाहेर बसायची. भांडायची नाही, रडायची नाही. साळूबाईंना ते जास्त जड जायचं.

आता प्रयोगशाळा म्हटली की संचालक आलेच. इथले संचालक एक घोरपड होते. घोरपड एकदा कशाला चिकटली की सुटत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. घोरपडसाहेब संचालकाच्या खुर्चीला चिकटले, त्याला इतकी वर्षं झाली होती की खुर्ची आणि साहेब वेगळे कुठून होतात, हे आता कुणाला सांगता येत नव्हतं. दौऱ्यावर जाताना ते खुर्चीसकट जात.

एके दिवशी ते खुर्चीसकट गुहेत आले.

"मंदाकिनीबाई, महाराज विचारत होते. स्फटिकाचं काय झालं?"

"होतो आहे, साहेब. पण ओळी वाकड्या येताहेत. त्रिकोण घाई करतात. जो हात आधी सापडेल तो धरतात. थोडा तिरपा असला तरी धरून ठेवतात. मग त्याच्यावर बसणारा आणखी तिरपा."

घोरपडसाहेबांनी जीभ बाहेर काढून आत घेतली. ही त्यांची विचार करण्याची पद्धत होती.

"म्हणजे त्यांची पकड कमी पडते आहे," ते म्हणाले.

"नाही साहेब, पकड जास्त..."

"पकड वाढवा! अहो, मी आज इथं कशामुळे आहे? पकडीमुळे. शेपटं लांब करा, हात मजबूत करा. उद्या मला निकाल दाखवा."

साळूबाईंचे दोनचार काटे उभे राहिले. त्यांनी मागच्या नळ्यांकडे बघून ते खाली घेतले आणि साहेबांच्या हुकमाप्रमाणे शेपटं लांब केली.

निकाल काय लागला म्हणता? साबुदाण्याची खिचडी. त्रिकोण एकमेकांवर असे तुटून पडले, की नळीत नुसता गोळा झाला. ज्यानं ज्याला धरलं, त्यानं त्याला सोडलं म्हणून नाही.

घोरपडसाहेबांनी गोळा उलटसुलट करून पाहिला. त्यांना तो आवडला. "एकी दिसते आहे," ते म्हणाले. पण गोळ्यातून क्ष-किरण सोडले, तेव्हा पडद्यावर नुसता पांढरा धुरळा उमटला.

त्या दिवशी संध्याकाळी कावेरीनं विचारलं, "बाई, झालं का हो?" साळूबाई तेव्हा नळीतला गोळा खरवडून काढत होत्या. त्यांनी नुसती मान हलवली. कावेरी म्हणाली, "ठिपकीनं आज कान नाही हलवले." आणि ती नेहमीसारखी बसली नाही, पोरीकडे निघून गेली.

साळूबाईंनी पुन्हा जुने, आखूड शेपटांचे त्रिकोण करायला घेतले. पण धागे कमी पडत होते. नवे धागे हवे होते. आणि धागे पुरवायचं काम घोरपडसाहेबांनी नुकतंच आपल्या भाच्याला दिलं होतं.

भाचा सरडा होता. घोरपडीचा भाचा सरडा कसा, असं विचारू नका. भाचे कसेही असतात. ह्याचं नाव विलास. त्याला धाग्यांतलं ओ की ठो कळत नव्हतं, पण तो येईल त्याच्यासमोर त्याच्याच रंगाचा व्हायचा, त्यामुळे सगळ्यांना तो आपला वाटायचा.

विलासनं धाग्यांचा पुडा आणून दिला. साळूबाईंनी त्यातले धागे मोजून बघितले.

"अरे विलास, हे काय? हे तर नुसते तुकडे आहेत! शेपटाला जेमतेम पुरतील एवढे."

"टोकं केलीत, मावशी. टोक महत्त्वाचं असतं, मामा म्हणाले. मधलं सगळं सारखंच दिसतं, म्हणून मधलं केलं नाही."

"मधलं सारखं नसतं!"

"मग मामांना सांगू का, तुम्हाला माझं काम पसंत नाही म्हणून?"

खळ्ळ! फळीवरच्या बऱ्याच नळ्या गेल्या. विलास पटकन काचेच्या रंगाचा झाला आणि सटकला.

पाठोपाठ घोरपडसाहेबांचा निरोप आला. भाच्याचे धागे वापरलेच पाहिजेत. नाही वापरले तर झऱ्याचं गरम पाणी बंद. साळूबाईंनी एका वाचलेल्या नळीत आपले होते नव्हते तेवढे चांगले त्रिकोण टाकले, वरून विलासचे तुकडे ओतले, आणि नळी झऱ्यात तापवून भुशाच्या खोक्यात ठेवून दिली. "घ्या तुमचे धागे," त्या मनात म्हणाल्या. "आणि करा काय करायचं ते."

नळी निवायला नेहमीपेक्षा किती तरी जास्त वेळ लागला असं त्यांना वाटलं. खरं म्हणजे पाणी वेळेवर निवलं होतं. स्फटिकच येत नव्हता. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. साळूबाई नळी ओतून द्यायला उठल्या आणि थबकल्या. तळाशी काहीतरी चमकत होतं.

खसखशीच्या दाण्याएवढा एक स्फटिक. कडा अशा, की जणू कुणी कोरल्यात.

त्यांनी आपलाच एक गळलेला काटा घेऊन तो स्फटिक अलगद उचलला. विषाच्या पाण्यात भिजवला. क्ष-किरणांसमोर धरला. आणि पडद्याकडे बघितलं. पडद्यावर ठिपके होते. स्वच्छ, टपोरे, ओळीत. अगदी कडेपर्यंत.

आधी त्यांना आनंद झाला. मग राग आला, कारण हे विलासमुळे झालं होतं. मग त्यांनी दोन्ही बाजूला ठेवलं आणि विचार करायला बसल्या.

तोकडा तुकडा काय करतो? तो त्रिकोणाचा हात धरतो. त्यामुळे त्रिकोणाला शेजारी दिसेल त्याचा हात धरता येत नाही. त्याची घाई थांबते. पण तुकडा इतका तोकडा, की त्याला फार वेळ धरवत नाही. थोड्या वेळानं तो सुटतो. मग त्रिकोणाचा हात मोकळा. तेवढ्यात जर योग्य शेजारी योग्य जागी आला असेल, तर तो सगळ्या बाजूंनी नीट बसतो आणि राहतो. तिरपा आला असेल, तर त्याची पकड अर्धवटच; त्याचा हात जरा सुटला की तुकडा मध्ये घुसतो, आणि तिरप्याला वाट धरावी लागते. वेळ लागतो. पण ओळ सरळ येते.

साळूबाईंनी पुन्हा करून बघितलं. मुद्दाम तुकडे टाकून. पुन्हा स्वच्छ स्फटिक. तुकडे न टाकता, पुन्हा वाकडा. शंका उरली नाही.

ठिपक्यांवरून विषाचा आकार काढला. खवले वैद्यांनी तो बघितला, पायरीवर बसून बराच वेळ डोकं खाजवलं आणि म्हणाले, "अस्सं! ह्याला इथं खाच आहे होय?" आणि ते मुळ्या उकरायला गेले. काही दिवसांत त्यांच्या गुहेत उताऱ्याचे रांजण भरून तयार झाले.

गोष्ट इथं संपली असती, तर तुम्ही आत्ता जेवायला गेला असता. पण बातमी दरबारात पोचली.

ह्या जंगलाचा राजा गवा होता. वाघ होता पूर्वी, पण तो फार कमी बोलायचा, म्हणून प्रजेनं बदलला. गवा महाराजांना भाषणं फार आवडत. त्यांनी सगळ्यांना बोलावलं.

"मंदाकिनीबाई," महाराज म्हणाले, "स्फटिकाचा दर्जा कशानं सुधारला, ते थोडक्यात सांगा."

"महाराज, मी त्रिकोणांच्या मध्ये अडथळा घातला. पण तो अडथळा..."

"अडथळ्यानं दर्जा सुधारला!" घोरपडसाहेब खुर्चीवरूनच ओरडले. "आणि अडथळा माझ्या भाच्यानं पुरवला. माझ्या सूचनेवरून."

"पण महाराज, अडथळा वेळेवर सुटतो, म्हणून..."

"काय होतो?" घोरपडसाहेबांनी विचारलं.

"सुटतो, साहेब. पकडतो आणि सोडतो."

"सोडतो म्हणजे?"

"म्हणजे धरलेलं सोडून देतो."

घोरपडसाहेबांनी जीभ बाहेर काढली, आत घेतली, पुन्हा बाहेर काढली. धरलेलं सोडून देतात, ही कल्पनाच त्यांच्या डोक्यात शिरेना. "तांत्रिक तपशील आहे, महाराज," ते शेवटी म्हणाले. "धोरणात्मक भाग आधी सांगितला तोच."

महाराज खूश झाले. तिथल्या तिथं अडसर खातं निघालं. जंगलातल्या प्रत्येक कामात एक अडथळा नेमायचा. खात्याचे प्रमुख, विलास सरडा.

मग काय विचारता! मुंग्यांच्या रांगेत मध्यभागी एक जाडा भुंगेरा बसला. सुतारपक्ष्याला प्रत्येक टोच्याआधी एका घुबडाला जागं करून विचारावं लागे. ओढ्याच्या उतारावर रानडुक्कर आडवं पडलं. कुरणाच्या वाटेवर, बांबूच्या बेटापाशी, दोन अस्वलं पाठीला पाठ लावून बसली.

"काय करताय?" कुणी विचारलं की अस्वलं सांगत, "दर्जा सुधारतोय."

आणि त्याच वाटेनं उताऱ्याचे रांजण जायचे होते.

खवले वैद्य पहिला रांजण घेऊन निघाले, ते रानडुकरापाशी अडले. डुक्कर म्हणालं, "औषध चांगलं व्हायला हवं ना?"

"औषध चांगलं झालंय. आता फक्त पाजायचंय."

"मी इथं आहे म्हणजे अजून सुधारणा व्हायचीय," डुक्कर म्हणालं आणि कूस बदलली. वाटेवरच.

कावेरी धावत साळूबाईंकडे आली. आज ती 'झालं का' म्हणाली नाही. "बाई, औषध आहे, पोर आहे, आणि मधे डुक्कर आहे. मी काय करू? ठिपकीचे डोळे मिटायला लागलेत."

साळूबाईंचे सगळे काटे उभे राहिले. उरल्यासुरल्या नळ्या फुटल्या. ह्या वेळी त्यांनी नळ्यांकडे बघितलंही नाही. त्या तडक निघाल्या. डुकराच्या अंगावर जाऊन दोनचार काटे टोचावेत, असं त्यांच्या मनात होतं. पण वाटेत त्या विचार करत गेल्या. एका डुकराला टोचता येईल. पुढे अस्वलं आहेत. अस्वलांची कातडी जाड. आणि टोचलेला अधिकारी जागा सोडत नाही, उलट दोन मदतनीस मागतो.

भांडून उपयोग नव्हता. त्या अडथळ्यांनी आपणहून सुटायला हवं होतं. थोडा वेळ का होईना.

मग साळूबाई वळल्या आणि थेट दरबारात गेल्या. वाकून नमस्कार केला.

"महाराज, एक विनंती आहे. अडसर खात्यानं जंगलाचा दर्जा कुठच्या कुठं नेला. पण त्या बिचाऱ्यांचा अजून सत्कार झाला नाही."

दरबारात कुजबुज सुरू झाली. केवढी मोठी चूक होणार होती!

"सगळ्यांचा?" महाराजांनी विचारलं.

"सगळ्यांचा. एकजण जरी राहिला तरी मनाला लागेल. उद्याच, टेकडीवर. शाल, श्रीफळ, हार. आणि अध्यक्षस्थानी आपण. आपण दोन शब्द बोलावेत."

"दोनच?" महाराजांचा चेहरा उतरला.

"महाराजांना वाटतील तेवढे," साळूबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी टेकडीवर मांडव पडला. भुंगेरा आला, घुबड आलं, डुक्कर अंग धुऊन आलं. अस्वलांनी एकमेकांचे केस विंचरले. घोरपडसाहेब खुर्चीसकट आले आणि मंचावरच्या खुर्चीवर आपली खुर्ची ठेवून बसले. विलास समारंभाच्या रंगाचा झाला होता. प्रास्ताविक झालं, पाहुण्यांची ओळख झाली. पाहुण्यांनी पाहुण्यांची ओळख करून दिली. मग महाराज उठले.

इकडे वाट मोकळी होती.

खवले वैद्य पुढे, साळूबाई मागे, आणि कावेरी दोघांच्या आधी धावून पुन्हा मागे येत, "चला हो, चला!" करत. रांजण ओढ्यातून गेले, बांबूच्या बेटातून गेले. जिथं अस्वलं बसायची तिथलं गवत चपटं झालं होतं, तेवढीच त्यांची खूण. कुरणात पोचल्यावर वैद्यांनी पानाचा द्रोण केला आणि पहिला घोट ठिपकीच्या तोंडात ओतला. अर्धा बाहेर आला. कावेरीनं तिची हनुवटी धरली. दुसरा घोट आत गेला.

मग बाकीच्या पाडसांना.

टेकडीवरून महाराजांचा आवाज येत होता. ते नुकतेच आपल्या बालपणापर्यंत पोचले होते.

सावल्या लांब झाल्या तेव्हा ठिपकीनं एक पाय दुमडला. मग दुसरा. मग ती उठली, धडपडली, आईच्या पोटाला टेकली आणि तिथंच उभ्या उभ्या दूध प्यायला लागली. कावेरी हलली नाही. तिनं फक्त साळूबाईंकडे बघितलं. साळूबाई दुसरीकडे तोंड करून उभ्या होत्या. साळिंदराला डोळे पुसायला फार त्रास होतो, सगळीकडे काटे मध्ये येतात.

आभारप्रदर्शन झालं तेव्हा पाडसं कुरणात बागडत होती. घोरपडसाहेबांनी टेकडीवरून ते पाहिलं आणि ध्वनिक्षेपक ओढून घेतला. "पाहिलंत? इतके दिवस अडवून ठेवल्यामुळे औषध कसं मुरलं ते!" टाळ्यांचा कडकडाट झाला. डुकराला आणखी एक शाल मिळाली.

तो आवाज कुरणापर्यंत पोचला आणि खवले वैद्य संतापले. "बाई, तुम्ही काही बोलत का नाही?"

"बोलते की," साळूबाई म्हणाल्या. त्या टेकडी चढून मंचावर गेल्या, ध्वनिक्षेपकाशी उभ्या राहिल्या आणि नम्रपणे म्हणाल्या, "हा सत्कार दर पौर्णिमेला व्हावा, अशी मी सूचना मांडते."

सूचना एकमतानं मंजूर झाली. तेव्हापासून त्या जंगलातली सगळी कामं पौर्णिमेला होतात.

तात्पर्य : जो तुमच्या कामात आडवा पडतो, त्याच्याशी भांडू नये, त्याला हलवू नये, त्याची तक्रार तर मुळीच करू नये. त्याचा सत्कार ठेवावा. आणि अध्यक्ष लांब भाषण करणारा निवडावा.